अक्षरांची शिदोरी

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठीच्या विद्यार्थ्यांबरोबर कवितावाचनाचा वर्ग घेण्याचा योग आम्हांला आला. ग्रंथालयात कवितासंग्रहाची एकच प्रत होती, म्हणून एका छोट्या प्रकाशनाच्या ॲपवर ती कविता सर्वांनी आपापल्या मोबाइलवर उघडावी असे ठरले. वाचन झाले, चर्चा सुरू झाली आणि एका विद्यार्थिनीने कवितेतील एका ओळीविषयी मुद्दा मांडला. त्या ओळीतला शेवटचा शब्द एकटाच खाली येतो. बाकीच्या ओळीपासून तुटलेला तो शब्द कवितेतल्या माणसाचे एकटेपण दाखवतो, असे तिचे म्हणणे होते. मुद्दा विचार करण्याजोगा होता. इतक्यात शेजारच्या मैत्रिणीने स्वतःच्या फोनकडे पाहिले आणि ती म्हणाली, "अगं, माझ्याकडे तर तो शब्द वरच्याच ओळीत आहे."

दोघींचे फोन एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे होते. वर्ग संपल्यावर शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. मैत्रिणीने ते ॲप घरी, चांगले नेटवर्क असताना उघडले होते आणि ॲपने आपला फॉन्ट बाहेरून मागवून घेतला होता. पहिलीने ते ॲप मैत्रिणीच्याच फोनवरून आपल्या फोनवर घेतले होते आणि पहिल्यांदा उघडले ते वर्गात, जिथे नेटवर्क जेमतेम येत होते. फॉन्ट आलाच नाही. ॲपने कोणालाही न सांगता फोनमध्ये आधीपासून असलेला फॉन्ट वापरला. त्याची अक्षरे थोडी रुंद असल्यामुळे ओळ मावली नाही आणि शेवटचा शब्द खाली पडला. तिने ज्या ओळभंगावर अर्थ रचला, तो कवीने केलेलाच नव्हता. ग्रंथालयातील छापील प्रतीत ती ओळ सलग आहे.

हा प्रसंग घडेपर्यंत "फॉन्ट ॲपमध्येच द्यावा की बाहेरून उतरवून घ्यावा" हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे आम्हीही मानत होतो. आता तसे वाटत नाही. मराठी साहित्य वाचण्यासाठी काढलेल्या ॲपने मजकुराचा मुख्य फॉन्ट आपल्या पोटातच ठेवला पाहिजे, आणि तो कोणता असावा हे ठरवणे हा संपादनाचा भाग आहे, असे आमचे मत झाले आहे. त्याची कारणे येथे मांडत आहोत.

प्रथम या दोन रीती समजून घेऊ. पहिल्या रीतीत फॉन्टची फाइल ॲपबरोबरच वाचकाच्या फोनवर येते. लांबच्या प्रवासाला निघताना बांधून घेतलेल्या शिदोरीसारखी ती सतत जवळ असते. नेटवर्क असो वा नसो, ॲप उघडताच अक्षरे ठरल्याप्रमाणे दिसतात. दुसऱ्या रीतीत ॲपमध्ये फॉन्टचे केवळ नाव असते. ॲप चालू झाले की ते बाहेरच्या पुरवठादाराकडे त्या नावाचा फॉन्ट मागते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१७ साली आठव्या आवृत्तीबरोबर आली आणि आधीच्या आवृत्त्यांसाठीही उपलब्ध करून देण्यात आली. फॉन्ट एकदा आला की तो फोनवर साठवला जातो आणि तोच फॉन्ट मागणाऱ्या दुसऱ्या ॲपलाही वापरता येतो. तो येईपर्यंत, किंवा आलाच नाही तर, फोनचा स्वतःचा फॉन्ट कामाला येतो. आयफोनवर ॲपसोबतच फॉन्ट देण्याची रीत अधिक रुळलेली आहे. म्हणजे हा वाद मुख्यतः अँड्रॉइडचा आहे, आणि आपल्याकडचे बहुसंख्य वाचक अँड्रॉइड फोनवरच वाचतात.

"फॉन्ट उतरवून घ्या" हे शब्द मराठी वाचकाला नवे नाहीत. आंतरजालावर मराठी नुकतीच दिसू लागली होती, त्या काळात जवळजवळ प्रत्येक मराठी संकेतस्थळाच्या माथ्यावर हीच सूचना असे. दर संकेतस्थळाचा फॉन्ट निराळा होता. त्या फॉन्टांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा काला दिसे. त्यावर तोडगा म्हणून आपोआप उतरणाऱ्या फॉन्टची युक्ती निघाली, पण ती एका ब्राउझरवर चाले तर दुसऱ्यावर चालत नसे. पुढे संकेतस्थळे बंद पडली, कंपन्या बदलल्या, फॉन्ट मिळेनासे झाले. त्या वर्षांतले बरेच मराठी लेखन आज कोठे साठवलेले सापडले, तरी ते वाचण्यासाठी आधी त्याची लिपी उलगडावी लागते. ज्यांनी जुन्या संगणकावरची एखादी कथा किंवा प्रबंधाची प्रकरणे उघडून पाहिली आहेत, त्यांना ही व्यथा वेगळी सांगायला नको.

युनिकोडने हे संकट टाळले. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तेथे स्वतःची जागा मिळाली. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी त्याची अक्षरे रेखली होती. तेव्हापासून 'क' म्हणजे 'क'च, मग फॉन्ट कोणताही असो, ही खात्री हळूहळू रुजली. त्यामुळे आजची स्थिती तेव्हासारखी नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेव्हा फॉन्ट गेला की मजकूरच जात असे. आता फॉन्ट आला नाही तरी मजकूर वाचता येतो. मग आमची तक्रार कसली, असे कोणी विचारील. तक्रार ही आहे की मजकूर टिकला म्हणजे सारे टिकले, असे आपण फार लवकर मानू लागलो आहोत.

मराठीचेच उदाहरण घेऊ. देवनागरी लिपी मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोंकणी अशा अनेक भाषांची आहे, पण तिची सगळी वळणे सर्वत्र सारखी नाहीत. मराठीतला 'ल' दोन पाकळ्यांचा, उजवीकडे उभा दंड नसलेला. हिंदीत रूढ असलेला 'ल' दंडाचा. मराठीतला 'श' देठाचा, हिंदीतला गाठीचा. 'अ', 'झ', 'ण' यांची मुंबईची आणि कलकत्त्याची अशी वेगवेगळी वळणे छापखान्यांच्या काळापासून चालत आली आहेत. ५, ८ आणि ९ हे आकडेही दोन-दोन तऱ्हांनी लिहिले जातात. युनिकोडच्या दृष्टीने मात्र पाकळीचा 'ल' आणि दंडाचा 'ल' ही एकाच क्रमांकाची एकच वस्तू आहे. त्यांच्यातला भेद मजकुरात नोंदवला जात नाही. तो फक्त फॉन्टमध्ये असतो.

हा लेख लिहितानाच आम्हांला याचा प्रत्यय येत आहे. आम्ही वर दोन प्रकारच्या 'ल'चे वर्णन केले. ते दोन 'ल' शेजारी शेजारी ठेवून दाखवता आले नाहीत. आम्ही कोणता 'ल' मनात धरला ते वाचकाला कळणार नाही. वाचकाच्या पडद्यावर जो फॉन्ट असेल तोच ते ठरवणार. छापील पुस्तकात ज्या गोष्टीसाठी एक ओळ पुरली असती, ती येथे शब्दांनी समजावून सांगावी लागते.

महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला आणि लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सुधारताना देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' वापरण्याचा आग्रह धरला. त्या निर्णयाचे अनेकांनी स्वागत केले. परंतु असा निर्णय कागदावर अमलात येतो तो छापखान्यातल्या टाइपातून, आणि मोबाइलवर अमलात येतो तो फॉन्टमधून. शाळेच्या फळ्यावर मुलाने देठाचा 'श' गिरवायचा आणि घरी त्याच धड्याच्या ॲपमध्ये गाठीचा 'श' वाचायचा, असे होत राहिले तर निर्णय फायलीतच राहील. गाठीचा 'श' चूक आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. हिंदीत तो शोभतो. पण मराठी मजकुरात कोणता 'श' यावा, याचा निर्णय फोनच्या कंपनीने, तोही नकळत, का घ्यावा?

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण त्याची जाणीव पुष्कळ ॲपकर्त्यांनाही नसते. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असू शकतात. मजकूर मराठी आहे असे फॉन्टला कळवले तर तो पाकळीचा 'ल' देतो, एरवी दंडाचा. पण हे कळवायचे कोणी? ॲपने मजकुराची भाषा स्पष्ट सांगितली नाही, तर फोन स्वतःच्या भाषेचा आधार घेतो. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फोनची भाषा इंग्रजीच ठेवलेली असते. परिणामी मराठी वळणे फॉन्टमध्ये असूनही निद्रिस्त राहतात. 'तिरो देवनागरी' या नावाने मिळणारे मुक्त फॉन्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहेत. हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी त्यांची तीन वेगळी कुळे आहेत. मराठीचे कूळ निवडले की मराठीची वळणे मिळतात, कोणाला काही कळवण्याची वाट पाहावी लागत नाही. असा फॉन्ट ॲपच्या पोटात असेल तर मराठी 'ल' मराठीच राहतो. बाहेरून मागवायचा ठरवला आणि तो आला नाही, तर आपण पुन्हा फोनच्या मर्जीवर.

वळणांचा प्रश्न काही जणांना केवळ आवडीनिवडीचा वाटेल. पण काही ठिकाणी प्रश्न अर्थाशी जाऊन भिडतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोड्या व्याकरणाच्या शिक्षकांना पाठ असतात. रफार की आडवा अर्धा 'र', एवढ्यावर गुरूचा स्वयंपाकी होतो आणि समुद्राच्या दऱ्याखोऱ्या होतात. हा अर्धा 'र' मराठीची खास गरज आहे. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो नीट जुळतोच असे नाही. दुसरे उदाहरण 'ॲ' या अक्षराचे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टात ते त्या जागी असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जुन्या फोनवर 'ॲप' हा शब्दच रिकाम्या चौकोनाने सुरू होऊ शकतो. वैदिक स्वरचिन्हे, जुन्या ग्रंथांतली दुर्मिळ जोडाक्षरे, संशोधित आवृत्तीतली पाठभेदाची चिन्हे हे सारे त्याच्याही पुढचे. प्राचीन मराठी गद्याची किंवा संस्कृत अवतरणांनी भरलेल्या समीक्षाग्रंथाची ॲपआवृत्ती काढणाऱ्याने "फोनमध्ये असेल तो फॉन्ट चालेल" असे म्हणणे, म्हणजे मुद्रकाने "हाताला लागतील ते खिळे लावतो" असे म्हणण्यासारखे आहे.

मुद्रकाचा विषय निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना उभा केला. त्याची कीर्ती संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या छपाईमुळे झाली. त्यामागे एक साधी गोष्ट होती, ती ही की निर्णयसागरची टाइप ओतण्याची स्वतःची फाउंड्री होती. ग्रंथाला लागणारे जोडाक्षर नसेल तर ते ओतून घेता येई. निर्णयसागरचे टाइप इतर छापखानेही विकत घेत. मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी १९७१ साली 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा बृहद्ग्रंथ लिहून देवनागरी टाइपाच्या घडणीचा सारा प्रवास मांडला. असा अभ्यास ज्या भाषेच्या मुद्रणपरंपरेत झाला, त्या भाषेतील पुस्तकांनी मोबाइलवर येताना टाइपाचा विचारच सोडून द्यावा, हे चमत्कारिक आहे.

मुद्रणाची उपमा आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते. केवळ खिळे असून भागत नाही, ते जुळवणारा जुळारी लागतो. फॉन्ट म्हणजे खिळे. वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणारा, जोडाक्षरे बांधणारा, रफार योग्य अक्षरावर चढवणारा जुळारी हा फोनच्या प्रणालीत किंवा ॲपच्या घडणीत वेगळा असतो. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्त्यांत देवनागरीचे ना खिळे धड होते ना जुळारी. त्या वेळी ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडवाटेची मांडणी बदलून मराठी पाने चित्ररूपात पाहण्याची युक्ती लोक एकमेकांना सांगत असत. आज जुळारी बहुतेक फोनांत चांगला आहे. तरीही काही ॲप स्वतःच्या वेगळ्या साधनांनी मजकूर रंगवतात, आणि तेथे जुळारी नसेल तर उत्तम फॉन्ट सोबत देऊनही वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. तेव्हा फॉन्ट पोटात ठेवला की सगळे प्रश्न सुटले, असा आमचा दावा नाही. मजकुराची भाषा सांगणे, जुळारी तपासणे आणि फॉन्ट सोबत देणे ही तिन्ही कामे मिळून एक काम आहे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे पाहू. त्यात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप आकाराचा. प्रत्येक ॲपने आपला फॉन्ट बाळगला तर ॲप जड होते. स्वस्त फोनांत जागा कमी असते, आणि तोच फॉन्ट दहा ॲपांत दहा वेळा साठवणे हा अपव्यय आहे. चिनी किंवा जपानी लिपीच्या बाबतीत हा आक्षेप वजनदार आहे, कारण तेथे हजारो अक्षरांमुळे एकेक फॉन्ट कित्येक मेगाबाइटचा होतो. देवनागरीचे तसे नाही. जोडाक्षरे धरूनही चांगल्या देवनागरी फॉन्टची एका जाडीची फाइल साधारणपणे काही शेकडो किलोबाइटमध्ये बसते. ॲपमध्ये घातलेले एखादे रंगीत मुखपृष्ठ तेवढी जागा सहज घेते. मुखपृष्ठासाठी जागा आहे आणि अक्षरांसाठी नाही, हा हिशेब आम्हांला पटत नाही. मात्र एका फॉन्टच्या नऊ जाड्या आणि शीर्षकांसाठी चार शोभिवंत फॉन्ट कोंबले तर आक्षेप खरा ठरेल. ते बाहेरून मागवावेत; ते न आल्याने वाचकाचे काही बिघडत नाही. आकार कमी करण्यासाठी फॉन्टची छाटणी करण्याचीही एक रीत आहे. ती करताना 'न लागणारी' म्हणून नेमकी मराठी वळणे आणि जोडाक्षरे छाटली जातात, याचे भान ठेवावे.

दुसरा आक्षेप सुधारणांचा. बाहेरून येणारा फॉन्ट पुरवठादाराकडे दुरुस्त झाला की सर्वांना दुरुस्त मिळतो; पोटातला फॉन्ट ॲपची नवी आवृत्ती येईपर्यंत जुनाच राहतो. हे खरे आहे. पण साहित्याच्या बाबतीत या गुणाची दुसरी बाजूही पाहावी. पुस्तकाचे रूप संपादकाला न विचारता बदलावे का? पुरवठादाराने अक्षरांची रुंदी किंवा एखादे वळण बदलले, तर काल तपासून मंजूर केलेले पान आज वेगळे दिसेल आणि ते कधी बदलले याची नोंद कोणाकडेच नसेल. आवृत्ती ही संकल्पना आपण साहित्यात फार गंभीरपणे वापरतो. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. ॲपच्या पोटातला फॉन्ट आवृत्तीबरोबर बांधलेला असतो. तो बदलायचा तर नवी आवृत्ती काढावी लागते, आणि तेच योग्य आहे.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो वाचकाच्या बाजूने आहे. वाचकाला स्वतःच्या सोयीचा फॉन्ट निवडण्याचा हक्क नाही का? ज्यांची दृष्टी अधू आहे, ज्यांना जाड किंवा मोठी अक्षरे लागतात, त्यांच्यावर संपादकाची आवड का लादावी? लादू नयेच. अक्षरांचा आकार वाढवता यावा, फोनचा फॉन्ट हवा असेल तर तोही निवडता यावा, अशी सोय प्रत्येक ॲपमध्ये असावी. पण वाचकाने विचारपूर्वक केलेली निवड आणि नेटवर्क नसल्यामुळे गुपचूप झालेली अदलाबदल या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्गातल्या त्या विद्यार्थिनीने काहीच निवडले नव्हते. आपल्यासमोर वेगळे पान आहे, हेही तिला कोणी सांगितले नव्हते.

बाहेरून फॉन्ट मागवण्याला आणखी एक बाजू आहे, ती खासगीपणाची. जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील म्यूनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळाच्या विरोधात निर्णय दिला. पान उघडताच गूगलकडून फॉन्ट मागवला जात होता आणि त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीवाचून गूगलकडे जात होता. न्यायालयाने वाचकाला १०० युरोंची भरपाई देवविली. असे फॉन्ट बाहेर न जाता स्वतःकडे ठेवूनही वापरता येतात, हेही नमूद केले. तो निर्णय संकेतस्थळाविषयी आणि युरोपातील कायद्यानुसार होता, मोबाइल ॲपविषयी नव्हता. पण त्यातले तत्त्व साधे आहे. कविता वाचण्यासाठी तिसऱ्या कोणाचे दार ठोठावण्याची गरज नसेल तर ठोठावू नये. शिवाय ज्या फोनांवर गूगलच्या सेवाच नाहीत, त्यांच्यावर तो पुरवठादारही नसतो. तेथे बाहेरच्या फॉन्टची वाट पाहणे व्यर्थ आहे.

परवान्याचा मुद्दाही लक्षात घ्यावा. अनेक प्रकाशकांकडे छपाईसाठी विकत घेतलेले जुने फॉन्ट असतात. छपाईच्या संगणकावर वापरण्याचा परवाना आणि ॲपमध्ये घालून वाटण्याचा परवाना हे सामान्यतः वेगवेगळे असतात, आणि दुसरा बराच महाग पडू शकतो. ही अडचण खरी आहे. पण आज तिच्यावर उपाय उपलब्ध आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू', आयआयटी मुंबईतून आलेले 'शोभिका', वर उल्लेखलेले 'तिरो देवनागरी', हे सारे मुक्त परवान्याखाली मिळतात. तो परवाना फॉन्ट सॉफ्टवेअरबरोबर वाटण्याची मुभा देतो. सोबत परवान्याची प्रत जोडावी आणि फॉन्ट एकटाच विकू नये, एवढ्या अपेक्षा असतात. म्हणजे छोट्यातल्या छोट्या प्रकाशकालाही आपल्या पुस्तकासाठी नीट पारखलेला फॉन्ट, एक रुपयाही न देता, ॲपच्या पोटात ठेवता येतो. मग राहतो तो केवळ आळस, किंवा हा निर्णय आपला आहे याची जाणीव नसणे.

आणि येथेच आम्हांला साहित्याच्या शिक्षकांशी व विद्यार्थ्यांशी बोलायचे आहे. अरुण कोलटकर हे कवी तसेच जाहिरातकलेतील चित्रकार, र. कृ. जोशी हे अक्षरांचे जाणकार आणि कवीही. कवितेचे पान कसे दिसते याचा विचार मराठीत कवितेबाहेरचा कधीच नव्हता. वर्गात मात्र आपण मजकूर शिकवतो आणि पान विसरतो. हातातले पान कागदाचे होते, तोवर ही विस्मृती खपून जात होती. प्रत्येकासमोर तेच पान असे. आता प्रत्येकासमोर वेगळे पान असू शकते, आणि ते वेगळे आहे हे कळण्याचा मार्ग सहसा नसतो.

म्हणून काही व्यावहारिक सूचना. साहित्याच्या ॲपने मजकुराचा एक फॉन्ट, नेहमीच्या आणि ठळक अशा दोन जाड्यांत, सोबत द्यावा आणि त्याचे नाव आवृत्तीच्या माहितीत छापावे, जसे जुन्या पुस्तकांत मुद्रकाचे नाव छापत असत. मजकूर मराठी आहे हे ॲपने फोनला सांगावे. कवितेची ओळ मावत नसेल तर उरलेला भाग आत सरकवून दाखवावा, म्हणजे ती कवीची नवी ओळ नव्हे हे वाचकाला कळेल. छापील पुस्तकांची ही जुनीच रीत आहे. फॉन्ट बदलला गेला असेल तर तसे एका ओळीत सांगावे. आणि प्रबंधासाठी किंवा परीक्षेच्या उत्तरासाठी ॲपमधल्या कवितेच्या ओळरचनेचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी छापील प्रत पाहावी. शिक्षकांनी तसा आग्रह धरावा.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर ती विद्यार्थिनी काहीशी खट्टू झाली होती. आपले वाचन चुकले असे तिला वाटत होते. आम्ही तिला सांगितले की तिचे वाचन चुकले नाही. तिने समोरच्या पानाकडे लक्षपूर्वक पाहिले, आणि वाचकाने तेच करायचे असते. चूक होती ती तिच्यासमोर ते पान ठेवणाऱ्यांची. पुढच्या आठवड्यात तिने ग्रंथालयातली प्रत घेऊन साऱ्या संग्रहातील ओळी ॲपशी ताडून पाहिल्या आणि कोठे कोठे शब्द खाली पडतो याची यादी केली. ती यादी आम्ही प्रकाशकाकडे पाठवली आहे.